सव्वीसचे सावंत

सावंतांनी जीव तोडून दांडा फिरवला आणि चेंडू जागचा हललासुद्धा नाही. लाकडी खुंटीवर तो तसाच पांढराशुभ्र बसून होता. मी पाहिलंच नाही असं दाखवत दुसरीकडे बघितलं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. असा हुकलेला फटका आमच्या गोल्फ क्लबात सराव म्हणून खपवायची पद्धत आहे. सावंत मात्र मोठ्याने म्हणाले, "एक."

मी म्हटलं, "अहो, लागलाच नाही. सोडा की."

"हवेत मारला तरी मारलाच ना रे? मोज."

ही आमची पहिली भेट. मी मुलुंडचा दातांचा डॉक्टर, नुकताच सभासद झालेला. खाडीच्या बाजूला असलेलं आमचं मैदान नऊ भोकांचंच. तेच दोनदा खेळून अठरा करायची. तिथे कारखानदार, वकील, बिल्डर अशांचा भरणा. सावंत त्यांच्यात कुठेच बसत नव्हते. वडील गिरणीत, मूळ गाव मालवणकडे, घर बोरीवलीला. ते स्वतः अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तपासनीस होते. तीस वर्षं सुटे भाग मापून पास-नापास करत आले. मालकाला गोल्फची आवड नव्हती, म्हणून कंपनीच्या वाट्याची सभासदकी त्याने सावंतांना दिली. निवृत्तीनंतरही ती काढून घेतली नाही.

स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नसे. अर्धाच झोका घेऊन ते खेळायचे. त्यामुळे त्यांचा हँडिकॅप सव्वीस, म्हणजे त्यांच्या एकूण फटक्यांतून सव्वीस वजा व्हायचे. ज्याचे फटके कमी तो जिंकतो; खेळात कमी पडणाऱ्यालाही बरोबरीने खेळता यावं, म्हणून ही सूट. ती ठरते आधीच्या खेळांचे फटके लिहिलेल्या कार्डांवरून. खेळ संपला की सोबत्याने कार्डावर सही करायची आणि ज्याचं त्याने ते ऑफिसबाहेरच्या पेटीत टाकायचं. चांगलं कार्ड टाकलं की सूट घटते. त्यामुळे स्पर्धेच्या आधी पुष्कळांची चांगली कार्डं पेटीपर्यंत पोहोचायचीच नाहीत. सावंत मात्र खेळ बरा झाला की कार्ड अगदी खुशीत टाकून येत. वर मला विचारत, "टाकलंस काय रे?"

वार्षिक चषकाला मात्र एक अट होती: कमाल सूट अठरा. तुमचा आकडा सव्वीस असो नाही तर तीस, मिळणार अठराच. खोटा आकडा फुगवून येणाऱ्यांना आळा बसावा म्हणून ही लिमिट, असं सांगायचे. सावंत दर वर्षी नाव द्यायचे, दर वर्षी आठ फटक्यांच्या पिछाडीवरून सुरुवात करायचे आणि हरायचे. त्यांना तो चषक एकदा हवा होता. "घरातल्या काचेच्या कपाटात जागा करून ठेवलीय," असं ते हसत सांगायचे, पण ती जागा खरंच रिकामी ठेवलेली होती. पुढे मी ती पाहिली.

एका वर्षी त्यांनी समितीला अर्ज केला की लिमिट काढा. समितीत आम्ही पाच जण, त्यांत मीही. आदल्या आठवड्यात मी त्यांना शब्द दिला होता, "माझं मत तुम्हालाच."

बैठकीत त्यांनी खिशातून एक पोलादी गेज काढून टेबलावर ठेवला. कारखान्यात भाग पास की नापास ते याच्यावर ठरे. म्हणाले, "साहेब, गेज चुकीचा असला तर काय होतं? चांगला माल नापास होतो आणि खराब आरामात पास. तुमची लिमिट तशी आहे. चोर अठराच्या आत बसून चोरी करतोय. अडकतो कोण, तर मी."

क्लबचे कॅप्टन म्हणाले, "सावंत, लिमिट काढली तर उद्या कोणीही उठून तीस लावून येईल ना."

"येऊ दे ना. मग त्याची कार्डं तपासा. माझा खांदा काय तपासता? माका सूट नको, बरोबर माप होया."

तेवढ्यात मीच बोललो. "लिमिट सगळ्यांना सारखीच आहे, सावंतसाहेब." वाक्य अगदी गुळगुळीत निघालं, सुन्न करायचं इंजेक्शन टोचताना पेशंटशी बोलतो तसं. सावंतांनी माझ्याकडे पाहिलं, गेज खिशात टाकला आणि आभार मानून बाहेर गेले. तीन विरुद्ध दोन मतांनी अर्ज फेटाळला गेला. तिसरा हात माझा होता.

का, ते आता सांगून टाकतो. त्या वर्षी माझा खेळ अचानक सुधारला होता. सगळ्यांची सूट लिहिलेल्या क्लबच्या बोर्डावर माझा आकडा अठरा, पण दोन झकास कार्डं माझ्या दवाखान्याच्या खणात पडून होती. ती पेटीत टाकली असती तर मी चौदावर आलो असतो आणि चषक हातचा गेला असता. सावंतांची आठची सूट वाढली असती तरी तो जाणारच होता. आळा ज्यांना घालायचा होता त्यांच्यातलाच मी एक, आणि लिमिटची बाजू मांडायला मीच उभा राहिलो. त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्या दोन्ही कार्डांवर सोबती म्हणून सावंतांचीच सही होती.

स्पर्धेच्या सकाळी आम्ही एकाच गटात आलो. सावंत बोर्डासमोर बराच वेळ उभे होते.

"डॉक्टर, अठराच ना तू?"

"हो."

"बरं."

एवढंच बोलले आणि माझं कार्ड लिहायला घेतलं. दिवसभर माझा एकेक फटका नीट मांडला, चांगल्या फटक्याला "वा" म्हणाले. मी अठ्ठ्याऐंशीत आलो. अठरा गेले, सत्तर उरले आणि चषक मला मिळाला. सावंत पंच्याण्णव फटक्यांत आले होते. त्यांच्या खऱ्या सव्वीसने ते एकोणसत्तर होत होते. टाळ्या चालू असताना हे गणित माझ्या डोक्यात आपोआप झालं. समोर सावंतही टाळ्या वाजवत होते. डावा हात छातीशी धरून, उजव्याने.

त्यानंतर त्यांनी चषकाला नाव दिलं नाही. मग उजवा हातही कापायला लागला आणि मैदान सुटलं. दोन वर्षांनी मी बोरीवलीला त्यांच्याकडे गेलो. सावंतकाकूंनी कोकम सरबत दिलं. ते काचेचं कपाट समोरच होतं. मधला कप्पा मोकळा, पुसलेला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर सावंत हळूच म्हणाले, "ती दोन कार्डं टाकलीस काय रे?"

"राहिली," मी म्हणालो. "तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत?"

"सही माझी होती, ती खरी होती. पेटीत टाकायचं काम तुझं." मग काकूंकडे वळून म्हणाले, "ह्याला अजून सरबत दे गं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ते दुसरं सरबतही निमूट प्यायलो.

पुढच्या उन्हाळ्यात सावंत गेले. क्लबने त्यांच्या नावाने एक चषक सुरू केला, प्रामाणिक खेळाडूची आठवण म्हणून. चषक जाहीर करायच्या कार्यक्रमात कॅप्टननी भाषण केलं. मग नियमांचा कागद हातोहात फिरला. माझ्याकडे आला तेव्हा मी तो शेवटपर्यंत वाचला. तळाला लिहिलं होतं: कमाल सूट अठरा. सावंतांच्या नावाच्या चषकात सावंतांच्या आकड्याला जागा नव्हती.

ती दोन्ही कार्डं त्या दिवशी माझ्या खिशात होती. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मला सावंतांबद्दल एक सांगायचंय. त्या वर्षीचा चषक..."

"डॉक्टर, आजच्या दिवशी जुन्या स्पर्धेचा विषय नको ना, यार," कॅप्टन हळू आवाजात म्हणाले. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी काय बोलतो ते ऐकायला.

मी खाली बसलो. हाही फटका हवेतच गेला होता. सावंत असते तर त्यांनी तो मोजला असता. माझी मात्र स्वतःशीसुद्धा "एक" म्हणायला जीभ रेटली नाही.