आईंचं ‘न्हाय’

लग्न होऊन मुर्धा गावात आले तेव्हा सासूबाईंचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. मी परळची, आणि त्यांचं सगळं लहानपण मिठागरावर गेलेलं. घरचं मिठागर केव्हाच बंद पडलं, आता त्या बाजूला इमारती उठतायत. पण आईंच्या बोलण्यात ते अजून चालू होतं. म्हणून मी ठरवलं, त्या सांगतात ते टाइप करून ठेवायचं. जसं बोलतात तसंच.

लॅपटॉप जुना, रडतखडत चालणारा. माझ्या भावाने त्यावर ओपन सोर्स सिस्टीम टाकून दिली. कुणीही फुकट घ्यावी, आतून उघडून बघावी, हवी तशी बदलावी, अशी. लॅपटॉप पुन्हा पळायला लागला. दुपारची जेवणं आटोपली की आई पलंगावर पाय सोडून सांगायच्या आणि मी टाइप करायचे.

एकदा एक अपडेट आलं. मी कीबोर्डकडे बघून टाइप करते, त्यामुळे त्या दिवशी स्क्रीनवर काय उमटतंय ते लक्षात आलं नाही. शेवटी आईंना वाचून दाखवायला लागले, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“ह्ये कोन बोलतंय?”

“तुम्हीच की, आई.”

“मी न्हाय. ही कोनतरी मास्तरीण हाय.”

बघते तर प्रत्येक ‘न्हाय’चं ‘नाही’ झालेलं, ‘हाय’चं ‘आहे’. मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आईंनी त्या दिवशी पुढे काही सांगितलं नाही.

भावाला फोन केला. तो म्हणाला, “टाइप करायच्या मूळ प्रोग्रॅममध्ये शब्द आपोआप बदलायची ही सोय बंदच असते. तो प्रोग्रॅम आपल्या सिस्टीमवर चालावा म्हणून जो त्याचं पॅकेज बांधून देतो, त्याने चालू करून दिली असणार. सेटिंगमध्ये जाऊन बंद कर.” मी बंद केली. पण मनातून जाईना. ज्यांचा भाऊ फोन उचलत नाही, त्यांनी काय करायचं?

ते पॅकेज बांधणारा तरुण फावल्या वेळात, विनामोबदला हे काम करत होता. त्याच्या इंटरनेटवरच्या पानावर मी तक्रार लिहिली. उत्तर लगेच आलं, तेही मराठीत. “ताई, शब्द चुकतात अशा तक्रारी फार येतात. नवीन माणूस सेटिंग उघडतच नाही. त्याला सगळं तयार मिळावं म्हणून मी चालू ठेवलं.”

त्याचं खोटं नव्हतं. मीही भावाने सांगेपर्यंत सेटिंग कधी उघडलं नव्हतं. मी लिहिलं, “तयार द्या, पण आधी विचारा तरी.”

त्या पानावर बरंच लिहिणं झालं. कुणी त्याच्या बाजूने, कुणी माझ्या. मालवणीत गोष्टी लिहिणाऱ्या एका बाईंनी कळवलं, की त्यांचंही असंच झालंय आणि त्यांना वाटत होतं लॅपटॉपच बिघडलाय. शेवटी तो म्हणाला, “ठीक आहे, पहिल्यांदा उघडताना प्रश्न विचारू. मराठी वाक्य तुम्ही द्या.”

मी लिहिलं, ‘शुद्धलेखन आपोआप सुधारायचं का?’ पाठवणार तेवढ्यात हात थांबला. सुधारायचं म्हणजे आईंचं बिघडलेलं होतं का? मग लिहिलं, ‘टाइप केलेले शब्द आपोआप बदलायचे का?’

त्याने आणखी एक पेच सांगितला. “‘हो’ आणि ‘नको’ यांतलं एक काहीतरी आधीपासून निवडलेलं असणारच. न वाचता एंटर दाबणाऱ्यांना काय द्यायचं?”

खूप विचार करून आम्ही ‘नको’वर आलो. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचंही तेच होतं. आता सोसायटीची पत्रं लिहिताना मी स्वतःहून ती सोय चालू करते, आणि मला ती आवडते.

नवीन पॅकेज आलं तेव्हा आईंना तो प्रश्न स्क्रीनवर दाखवला. त्यांना त्यात फारसं काही वाटलं नाही. पण त्यांनी सांगितलेलं मी ‘न्हाय’सकट वाचून दाखवल्यावर त्या ऐकत राहिल्या, मध्ये थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन बसल्या. मिठाची प्रत बघायला एक साहेब यायचा, त्याची गोष्ट निघाली. मी सवयीने त्याच्याही तोंडी ‘न्हाय’ घातलं आणि वाचलं.

आई हसायला लागल्या. “आगो, तो सायब व्हता. तो ‘नाही’च बोलायचा. तसाच लिव.”

मी तसंच लिहिलं.