टिकली लावलेलं संत्रं

शाळा सुटून चौदा वर्षं झाल्यावर मला पुन्हा अभ्यासाला बसवलं ते खालच्या मजल्यावरच्या काकांनी, हे आधी सांगते, मग बाकीचं. अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या वेस्ट विंडसरमध्ये सूर्याला ‘थकला हो बिचारा’ म्हणणारा माणूस हा एकच. खगोलशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या काकांचा सगळा जीव सूर्यासारख्याच, पण वयाने कोवळ्या ताऱ्यांत. हे तारे भरभर फिरतात, त्यांच्या अंगात चुंबकाचा जोर फार, म्हणून ते भडके उडवतात आणि अंगभर काळे डाग वागवतात. वय वाढलं की वेग ओसरतो, डागही कमी होतात. हे ते कुणालाही, कुठेही सांगत. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये नागपूरच्या एका धडधाकट इंजिनियरला त्यांनी गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसवून इतकं गरागरा फिरवलं की तो “बस काका, यार” म्हणत थेट बाथरूमकडे पळाला. “भडका,” काका शांतपणे म्हणाले. तेव्हापासून ते बोलायला उभे राहिले की लोकांना पार्किंगमधली गाडी आठवायची.

मी नवऱ्यामागोमाग सांगलीहून आले, २००४ साली. काका पहिल्यांदा दिसले ते बिल्डिंगच्या लॉन्ड्रीत, ड्रायरच्या गोल काचेपुढे स्टूल टाकून बसलेले. काय करताय, विचारलं तर म्हणाले, “मोजा मोजतोय.” आतला लाल मोजा काचेसमोर कितीदा येतो, त्यावरून ड्रायरचा वेग काढत होते. मग मी त्यांना पोळ्या नेऊन द्यायला लागले. एकदा दारातच म्हणाले, “आज फार मोठा डाग आलाय.” मी म्हटलं, लिंबू-मीठ चोळा आणि उन्हात घाला. ते खुर्चीत बसून हसले. “अगं, ज्याचं ऊन पडतं त्यालाच डाग आलाय.”

मला मात्र हसू येत नव्हतं. ग्रीन कार्ड आलं होतं, जवळच्या पाळणाघरात काम मिळत होतं, पण शाळा पूर्ण केल्याचा कागद हवा होता. त्यासाठी लायब्ररीतून परीक्षेचा फॉर्म आणला. मंडळात सगळ्यांना मी बारावी सांगितलेली, आणि खरी माझी नववी. दोन फॉर्म फाडून झाल्यावर तिसरा स्पेलिंग तपासायला काकांकडे नेला.

“शेवटची इयत्ता लिहायची राहिलीये गं.”

“राहू दे काका. तो डागच आहे माझ्यावरचा.”

काकांनी टोपलीतलं संत्रं उचललं आणि टेबलावर भोवऱ्यासारखं फिरवलं. “फिरतंय का?” चांगलं गुळगुळीत संत्रं, नीट कळेना. “टिकली दे.” मी कपाळावरची काढून दिली. ती चिकटवून त्यांनी पुन्हा फिरवलं. टिकली दिसे, जाई, पुन्हा दिसे.

“फिरतंय,” मी म्हटलं.

“आधीही फिरतच होतं. डागामुळे कळलं. माझी सगळी नोकरी त्या डागांवर झाली. लिही, नववी.”

लिहिलं. त्यानंतर रोज दुपारी त्यांच्या टेबलावर अभ्यास, आणि चुकलं की “पुन्हा फिरव”. पास झाले. गणितात काठावर, पण झाले. पाळणाघरातल्या बायकांना पहिल्याच दिवशी, कुणी न विचारता, नववी सांगून टाकली.

मागच्या वर्षी काका लेकीकडे सांता क्लाराला गेले. जाताना ताऱ्यांवरचा आपला जाडजूड इंग्रजी लेख माझ्या हातात ठेवला, वर ‘वाचायलाच हवा असं नाही’ हेही म्हणाले. फोनवर हल्ली सांगतात, “माझाही वेग ओसरला गं.” तेव्हा जाणवतं, इतकी वर्षं ताऱ्यांचं सांगणाऱ्या या माणसाला ‘मग पुढे काय, काका?’ असं कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही; मी फक्त माझ्या परीक्षेचं विचारत राहिले.

डिक्शनरी घेऊन तो लेख वाचायला बसलेय, तिसऱ्या पानावर आहे. एक दिवस शेवटच्या पानावर पोचेन, फोन लावेन आणि असा प्रश्न विचारेन की उत्तर देता देता काकांची सकाळची संध्याकाळ व्हावी. एवढं मी फेडणार आहे. तोवर काका, सावकाश फिरा, पण फिरत राहा.