कठड्यावरची वेल

धाकटा भाऊ महागड्या घड्याळांच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचा. एकदा काही केल्या नवी नक्षी सुचेना, तेव्हा त्याने ताईच्या जिन्याच्या कठड्यावरची वेल तबकडीवर उतरवली. ताई लोहारकाम करायची. ती वेल तिने स्वतः घडवली होती.

मालक खूश झाले. "कुठून सुचलं?"

"असंच," तो म्हणाला.

पुढे ताई कौतुकाने कारखान्यात घड्याळ बघायला आली. वेल तिने लगेच ओळखली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे, लोखंडात इतकी नाजूक पाकळी मला कधी जमली नाही!" ती हसून म्हणाली. त्यापेक्षा तिने कान उपटले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

तिच्यादेखतच त्याने मालकांना खरं सांगितलं. घड्याळाच्या मागे तिचं नाव कोरलं गेलं. ताई हरखली, त्याला मात्र कितीतरी दिवस तिच्या नजरेला नजर देता आली नाही.