दोन सभांत एकच भाषण

रविवारी मतदान आहे आणि माझी लेक पडणार, हे काही केल्या डोक्यातून जात नाही. "पडली तर पडली," म्हणून तिचे बाबा कूस बदलून घोरायला लागले.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. भिंगं बदलत "हे बरं की ते?" असं शंभरदा विचारायची चिकाटी तिच्यात कुठून आली, देव जाणे. लहानपणी दोघांचं भांडण सोडवायला गेली की दोघांनाही चावायची. पाच वर्षांपूर्वी फेरीवाल्यांसाठी ती बाजाररस्त्यावर आडवी झाली, तीही नेमकी सख्ख्या आत्याच्या चपलांच्या दुकानासमोर. त्यावर बासष्ट मतांनी नगरसेविका झाली. वन्संनी तेव्हापासून आमच्याशी बोलणं टाकलं. मीही काही कमी नाही.

आता आमच्या लेकबाई शहाण्या झाल्यात. म्हणे, सकाळी अकरापर्यंत रस्ता हातगाड्यांचा, पुढे मोकळा. बाकीचे उमेदवार दोन सभांत दोन भाषणं करतात. हिने काल फेरीवाल्यांपुढे आणि दुकानदारांपुढे एकच केलं, शब्दही न बदलता. तिकडे भाजीवाला ओरडला, "ताई, दुकानदारांनी काय चारलं?" इकडे कुणीतरी म्हणालं, "आता कुणाच्या दारात झोपणार?" टाळ्या फक्त माझ्या. त्याही तिने डोळे वटारून थांबवल्या.

"अगं, निदान एका बाजूला तरी गोड बोलायचंस!"

"आई, ती माणसं रोज सकाळी एकमेकांना भेटतात. बोलतात की!"

एक मात्र मी पाहिलं. औषधवाल्याने तिचं पत्रक चुरगळलं नाही, नीट घडी घालून खिशात ठेवलं. "अकरा नको, साडेदहा करा," म्हणाला. घासाघीस करतोय म्हणजे माल पसंत आहे. पण एका मताने काय होणार?

"आत्याला फोन कर," मी म्हटलं. "दुकानांची अख्खी रांग तिचं ऐकते."

"मी कुठल्या तोंडाने करू? तू कर. आणि त्या दिवशी उशी कोणी पाठवली होती?"

मीच. रस्त्यावर मान अवघडेल म्हणून. घाईत हाती लागली ती वन्संनी भरतकाम करून दिलेली. ती त्यांच्याच दारात, धुळीत.

वन्सं बारापर्यंत जाग्या असतात. नंबर अजून पाठ आहे. आधी उशीबद्दल माफी मागते, मग मतांचं काढते.