मास्तरांचा डावा हात

आमच्या वाद्यवृंदातले निम्मे वादक कानानं अधू आहेत, हे आम्ही बाहेर फारसं कुणाला सांगत नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात ज्यांची उमर गेली, त्यांचे कान धड कसे राहणार? मी एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे आणि माझाही एक कान जवळजवळ गेलेला आहे. तरी मी व्हायोलिन वाजवतो आणि सगळ्यांबरोबर वाजवतो, याचं श्रेय मास्तरांना.

मास्तर सूत रंगवण्याच्या कामावर होते. सुटीच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये माणसं गोळा करून त्यांनी हा वाद्यवृंद उभा केला. कुणी लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला, कुणी भजनी मंडळातला पेटीवाला, कुणी हलगीवाला. शेजारच्याचं ऐकून वाजवा, असं आम्हाला सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांना लवकरच कळलं. ‘‘कान सोडून द्या. माझ्या हाताकडं बघा,’’ ते म्हणायचे. त्यांचा उजवा हात खाली आला की पहिली मात्रा, आत छातीकडे गेला की दुसरी, बाहेर गेला की तिसरी, वर गेला की चौथी. तीसेक वर्षं आम्ही असा डोळ्यांनी ताल धरला. एवढ्या वर्षांत ते कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. चुकणाऱ्याकडे ते फक्त बघायचे आणि पुन्हा पहिल्यापासून हात उचलायचे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. ताल देण्याचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी मांडीवर बोट हलवत मात्रा मोजत होतो. त्यांनी डोळे उघडले तसा मी हात खिशात घातला.

माझ्या हाताखाली काही जमेना. ट्रम्पेटवाला म्हणाला, ‘‘साहेब, तुमी ताल देताय का माशा हाकलताय?’’ सगळे हसले, मीही हसलो.

मास्तर घराबाहेर पडत नव्हते. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, ‘‘देवळातसुदिक येत न्हाईत. लोकांना तोंड कसं दाखवू म्हणतेत.’’ पण एके दिवशी ते रिक्षानं आले, शाळेच्या मागच्या दारानं हॉलमध्ये शिरले आणि आमच्यासमोर डावा हात उचलून उभे राहिले.

आम्ही सगळे चुकलो. उजवा हात आत यायचा तेव्हा तो आम्हाला आमच्या उजवीकडे सरकताना दिसायचा. डावा हात आत आला की तो डावीकडे सरकायचा. दुसरी मात्रा तिसरीसारखी दिसायची, निम्मे वादक उडी मारून पुढे जायचे. डोक्याला कळत होतं, डोळे ऐकत नव्हते. कितीतरी सराव असेच गेले.

‘‘मागावरचा धोटा उलट्या बाजूनं यायलाय मास्तर,’’ हलगीवाला म्हणाला. ‘‘सूत तुटणारच की.’’

गड्ड्याची जत्रा भरते त्या दिवसांतला आमचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला होता. कुणीतरी म्हणालं, यंदा साहेबांनाच उभं करू. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘एमय्या, तुला पाहिजे का?’’ जड जिभेनं त्यांनी विचारलं. ‘काय रे बाबा’ म्हणावं तशी तेलुगूत ते मला अशीच हाक मारतात.

नको म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘‘तुम्ही म्हणाल तसं.’’

त्यांनी सावकाश वळून आमच्याकडे पाठ केली आणि डावा हात उचलला. आता त्यांचा हात आत गेला की पूर्वीसारखाच आमच्या उजवीकडे सरकत होता. आम्ही अख्खी रचना न चुकता वाजवली.

ट्रम्पेटवाल्यानं ट्रम्पेट खाली ठेवला. ‘‘पर मास्तर, कार्यक्रमात असं हुबं ऱ्हायलात तर तुमचं तोंड लोकांकडं.’’

‘‘व्हय.’’

मी पुढे झालो. ‘‘आम्ही अजून सराव करतो, मास्तर. शिकू आम्ही.’’

‘‘तुमचं डोळं म्हातारं झालंत,’’ ते म्हणाले. ‘‘आन् मी काय तोंडानं ताल देतो?’’

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. एरवी लोकांना मास्तरांची पाठ दिसायची. त्या दिवशी ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि समोरची कुजबुज माझ्या अधू कानालाही जाणवली. ओढलेल्या ओठाच्या कडेनं लाळ ओघळते हे आम्हाला सरावात माहीत झालं होतं. पुसायला एकच हात होता आणि तो ताल देत होता. आम्हाला फक्त त्यांची मान, खांदा आणि तो हात दिसत होता. मान एकदाही खाली गेली नाही. आम्ही शिकलो नाही म्हणून हा माणूस तिथे असा उभा आहे, हे माझ्या मनातून जात नव्हतं, आणि तरी त्या हातावरून माझी नजर ढळली नाही.

पहिली रचना संपली. टाळ्या थांबल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाई न करता हनुवटी पुसली, रुमालाची घडी एका हातानं जमेल तशी घालून परत खिशात ठेवली. सगळं सभागृह तेवढा वेळ थांबून होतं. मग त्यांनी पुन्हा डावा हात उचलला.