बाबांची ड्यूटी

माझे वडील बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, आई जाऊन दोन. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात पुन्हा ड्यूटी सुरू झाली. पहाटे उठायचे, दाढी करायचे आणि मला विचारायचे, "माह्या खाकी शर्टाले इस्त्री झाली का?"

"बाबा, तुमी रिटायर झाले," मी सांगायचे. ते माझ्याकडे बघायचे, मान हलवायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच विचारायचे.

अकोल्याच्या डॉक्टरांनी विसरण्याचा आजार आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मी वाशिमला बाबांकडेच राहायला आले होते. घरात आम्ही दोघंच. जऊळक्याकडच्या एका खेड्यात मी शिक्षिका आहे. सकाळी नऊला निघायचं, संध्याकाळी साडेपाचला परत. फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबायचा. गॅस बंद केला का? दार ओढलं का? मधल्या सुट्टीत फोन लावायचे. बाबांनी उचलला नाही की पुढचे तास मी मुलांना पाढे म्हणायला लावून व्हरांड्यात येरझारा घालायचे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लाँड्री आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही कधी चुकतं, आणि लाँड्रीला बोअर आहे, म्हणून अर्धी गल्ली कपडे तिथंच टाकते. आत धुण्याच्या दोन मशिनी, पुढे इस्त्रीचं टेबल, बाहेर एक लाकडी बाक. पन्नाशीच्या एक मावशी आणि त्यांचे मिस्टर मिळून चालवतात. मी तिथं कधी टेकले नव्हते. कपडे टाकायचे, उचलायचे, निघायचं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. गल्लीत शिरले तर बाबा लाँड्रीच्या बाकावर. अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, मांडीवर टॉवेलांचा ढीग. एकेक टॉवेल झटकून ते घडी घालत होते. शेजारी गल्लीतल्या नर्सबाई आपल्या साड्यांची वाट बघत बसल्या होत्या.

"बाबा, इथं काय करून राह्यले? चला घरी."

मावशींनी इस्त्री उभी ठेवली. "मॅडम, दोन महिने झाले, रोज येतेत ते. तुमाले माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. बाबा रोज सकाळी तो जुना शर्ट घेऊन यायचे, मावशी त्यावर इस्त्री फिरवून द्यायच्या, तो घालून ते दुपारपर्यंत बाकावर बसायचे.

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगायसारखं काय हाये त्यात? माही गाडी लागली का म्हनतेत. आमी म्हनतो, अजून टाइम हाये, चहा घ्या."

आभार मानायचे सोडून मला राग आला. बाप लोकांचे टॉवेल घडी करतो आणि लेकीला पत्ता नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. सोमवारी शाळेत निघताना मी बाहेरून कुलूप घातलं.

संध्याकाळी परतले तर मावशी आमच्या ओट्यावर बसलेल्या. कुलूप काढलं तर दाराच्या आतच बाबा झोपले होते. त्यांच्या दोन्ही तळहातांच्या कडा काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

"दार वाजवत होते दुपारभर," मावशी म्हणाल्या. "मी इथूनच बोलत राह्यली त्यायच्याशी. बाई, असं नोका करू. आमच्याकडे येऊ द्या."

बाबांच्या हातांना तेल लावताना मला रडू आलं. त्यांनी विचारलं, "काहून रडतं?" कुलपाचं त्यांना आठवत नव्हतं. मला अजून आठवतं.

त्यानंतर मीच त्यांना सकाळी बाकावर बसवून निघू लागले. पोळीचा डबा मावशींकडे द्यायचे. महिनाभर नीट गेला. मग एका संध्याकाळी मावशींनी सांगितलं, "उद्या दुकान बंद हाये. इंझोरीले जाऊन राह्यलो, माही जाऊ वारली."

शाळेत नेमकी तपासणी होती, रजा मिळेना. दुपारी बारापर्यंत परत येते, असं ठरवून बाबांना जेवायला वाढून मी गेले. कुलूप घातलं नाही. पावणेबाराला पोचले तर दार उघडं आणि ताट झाकलेलं तसंच.

लाँड्रीच्या बंद शटरपर्यंत धावले, पुढे चौकापर्यंत, तिथून परत. कोणाला विचारावं सुचेना. शेवटी मावशींना फोन लावला. मयतीच्या घरातून त्यांनी उचलला.

"शर्ट घातला का त्याहिनं?" एवढंच विचारलं.

मी घरात पाहिलं. शर्ट खुंटीवर नव्हता.

"मंग बस स्टँडवर गेले. तुमी घरीच थांबा, ते परत आले तर कोनी पायजे."

मावशींकडे तीन कंडक्टर युनिफॉर्म टाकतात. त्यांनी एकाला फोन केला, त्याने बाकीच्यांना. नर्सबाईंनाही त्यांनीच कळवलं. नर्सबाई दवाखान्यात बघून आल्या आणि माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. मी उठत होते, दारापर्यंत जात होते, बसत होते. त्यांनी मला एकदाही 'बसा' म्हटलं नाही.

तासाभराने अनोळखी नंबरवरून एका कंडक्टरचा फोन आला. "मॅडम, तुमचे बाबा मानोऱ्याले हायेत. मी तिकीट मागतलं त इस्टाफ म्हने. इस्त्रीचा शर्ट पाहून मीही नमस्कार केला. मंग फोन आला तवा समजलं."

पुढच्या बसने मी मानोऱ्याला गेले. स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीमागे बाबा खुर्चीत बसून चहा पीत होते. मला पाहून म्हणाले, "तू कायले आली? माही परतीची गाडी हाये आता." परतीच्या गाडीत ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता.

वाशिमला उतरलो तेव्हा ऊन कललं होतं. बंद लाँड्रीपुढे गल्लीतली चार-पाच माणसं उभी होती. "आले का?" कोणीतरी विचारलं. मी हो म्हटलं. मग सगळे आपापल्या घरी गेले. मावशी इंझोरीहून दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या, त्या संध्याकाळीच आल्या. कपड्यांवर खुणा करायच्या पक्क्या शाईने त्यांनी शर्टाच्या कॉलरच्या आत माझा नंबर लिहिला.

आता रविवारी मीही तिथं बसते. फार बोलणं होत नाही. नर्सबाई पेंगतात, कंडक्टर गठ्ठा ठेवून जातो, मशीन हादरत राहते. माझं चित्त मात्र ठिकाणावर येत नाही. बाबांचं चालणं कमी झालंय. कधी कधी ते माझं नाव शोधतात. पुढे ते या बाकापर्यंतही येऊ शकणार नाहीत, तेव्हा मी काय करणार, हे मी परवा मावशींना विचारलं.

त्या ओली चादर उलगडत होत्या.

"मले नाई माहीत, बाई," त्या म्हणाल्या. "हे टोक धरा."

मी उठले आणि टोक धरलं.