तीन ठोके आणि एक खाडा

माझी मुलांसाठीची कादंबरी एका आवाजापाशी येऊन अडली होती. गोष्ट तशी सरळ आहे. एका मुलीचे वडील वारतात आणि त्यांच्या गाडीचा आवाज मात्र घरीच राहतो. संध्याकाळ झाली की तो गल्लीत येतो, गोठ्यातली म्हैस कान टवकारते आणि दावं सोडून त्याच्यामागून निघते. पुढे ती रंकाळा तळ्याच्या पाण्यावरून चालत जाते, मुलगी आणि तिची मैत्रीण तिच्या पाठीवर. हे सगळं मी बिनदिक्कत लिहून टाकलं. म्हैस पाण्यावर चालवताना माझा हात थांबला नाही. थांबला तो आवाज लिहिताना.

आमच्या संपादकबाई चिकाटीच्या. त्या फोनवर म्हणाल्या, "तुमच्या गोष्टीतली मुलगी सारखी म्हणते, हा आवाज मी लाखात ओळखेन. पण तो आहे कसा, ते कुठेच नाही. मुलं विचारतील हो." लिहिते, म्हटलं. फटफट लिहिलं, खोडलं. धडधड लिहिलं, तेही खोडलं. दोन दिवस कागद खराब केल्यावर कळलं की शब्द सापडत नाही असं काही नाही, मला तो आवाजच आठवत नाही. अण्णा कसे दिसायचे ते भिंतीवरच्या फोटोत आहे. त्यांची गाडी कशी वाजायची ते कुठेच नाही. त्या काळी आमच्याकडे साधा फोन नव्हता, रेकॉर्ड कोण करणार? हे लक्षात आल्यावर आधी मी चिडले. रडू नंतर आलं. आमच्या घरात क्रम असाच आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. शिवाजी पेठेत आमच्या चार म्हशी होत्या. संध्याकाळी अण्णा त्यांतल्या दोघींना चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर न्यायचे आणि लोकांसमोर धारा काढून ग्लासात फेसासकट दूध द्यायचे. सगळ्यांत मोठीला आम्ही थोरली म्हणायचो. पंढरपुरी जातीची, शिंगं पार पाठीवर गेलेली, स्वभाव माझ्या आत्यासारखा. ती अण्णांशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही.

अण्णांची मोटरसायकल जुनी होती आणि तिच्या इंजिनात काहीतरी खोट होती. तीन ठोके नीट पडायचे आणि चौथ्याला ती गप्प बसायची. अण्णा त्याला खाडा म्हणायचे. दुधाच्या धंद्यात गिऱ्हाईक ज्या दिवशी दूध घेत नाही त्याला खाडा म्हणतात, तोच हा शब्द. दुपारी वैरणीचा भारा मागे बांधून ते गल्लीच्या तोंडाला वळले की थोरली उठून उभी राहायची आणि तिची कास भरून यायची. आणि आत आई चहाचं भांडं स्टोव्हवर ठेवायची. भारा उतरून, हातपाय धुऊन अण्णा उंबऱ्यात येईपर्यंत चहा पितळी पेल्यात ओतलेला असायचा. कप त्यांना चालायचा नाही.

आमच्या भिंतीला भिंत लावून चाचांचं घर आणि घरासमोर त्यांचं गॅरेज. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, माझी एकुलती एक मैत्रीण. चाचा मेकॅनिक माणूस, त्यांना ती गाडी ऐकवायची नाही. "अण्णा, खोकाय लागल्या की ती. एक दिस सोडा माज्याकडं," म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "खोकू दे. थोरलीला ह्योच आवाज ठावं हाय." चाचांना वाटायचं, अण्णा चिक्कूपणा करतात.

माझी मैत्रीण तो आवाज तोंडानं काढायची. अगदी हुबेहूब, खाड्यासकट. गल्लीच्या तोंडाला उभी राहून ती ओठ फुगवून सुरू झाली की आई आत चहा ठेवायची, आणि मग दारात ही बाई हजर. आई कपाळावर हात मारायची. "आलीस व्हय अवदसे? आता ठेवलाय तर पिऊन जा." ती मांडी घालून बसायची आणि अण्णांच्याच पेल्यातून प्यायची. तिचा तो हक्कच होता म्हणा.

मी पाचवीत असताना श्रावणात अण्णा गेले. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि मग दवाखान्यातून ते घरी आले ते तसेच. त्याबद्दल मी जास्त लिहू शकत नाही. मला आठवतं ते एवढंच की मैत्रिणीनं त्यानंतर तो आवाज काढणं बंद केलं. मी सांगूनसुद्धा ती काढेना. "आता तुझी आई चहा ठेवल आनि मग?" म्हणाली.

थोरलीनं दूध चोरायला सुरुवात केली. आई धारेला बसली की ती कास आखडून उभी राहायची. आईनं सरकी घातली, अंगावरून हात फिरवला, शेवटी शिव्याही घातल्या. चार दिवसांनी चाचा भिंतीपलीकडून म्हणाले, "वहिनी, गाडी चालू करून बघू काय?" त्यांनी किक मारली. तीन ठोके, एक खाडा. थोरलीनं मान वळवली, हंबरली, आणि बादलीत धार वाजली. आई तिच्या पोटाला कपाळ टेकून धार काढत राहिली. तिचे खांदे हलत होते, पण हात थांबले नाहीत.

मग रोजचंच झालं. चाचा गॅरेजमधून हात पुसत यायचे, गाडी चालू करून उभे राहायचे. माझ्या मैत्रिणीनं मला समजावलं की अण्णा आता आवाजात राहतात. थोरली ज्या बाजूला कान करते त्या बाजूला ते असतात, त्या बाजूला तोंड करून बोलायचं. आम्ही दोघी गोठ्यात उभ्या राहून त्या गोंगाटात ओरडून अण्णांना सगळं सांगायचो. गणितात किती पडले, शेजारणीच्या कोंबडीनं काय केलं, आई दुपारची जेवत नाही. कुणाला काही ऐकू जायचं नाही. आईची धार उरकली तरी चाचा गाडी बंद करायचे नाहीत. आमचे ओठ हलायचे थांबले की मग किल्ली फिरवायचे. माझ्या कादंबरीत जी काही जादू आहे ती तिथली आहे. मी नवीन काही केलेलं नाही.

माझ्या काकांना मात्र हे पटेना. ते दुसऱ्या पेठेत राहायचे, स्वभावानं वाईट नव्हते. आईला म्हणाले, "वहिनी, म्हस आशी रोज गाडी वाजवून कवर पिळणार? पाडव्याला मी अण्णाची गाडी काढतो. माज्यामागनं पळाली तर ऱ्हाऊ दे. न्हाई पळाली तर बाजार दाखवू." आई म्हणाली, यंदा आपल्याला सण नाही. त्यावर काका म्हणाले, "म्हशीला कसलं आलंय सुतक?" गल्लीतल्या म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशींची मिरवणूक निघते. म्हशींचे केस भादरून अंगावर नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं आणि कवड्यांच्या माळा बांधतात. मालक पुढे गाडीवर आणि म्हैस त्याच्यामागं पळत, दावं नाही की कासरा नाही. पन्नास गाड्यांच्या कल्लोळात प्रत्येक म्हैस आपल्या मालकाचीच गाडी ओळखते. ज्याची पळत नाही त्याची वर्षभर चेष्टा होते. माझा जीव टांगणीला लागला होता तो चेष्टेपायी नव्हे. थोरली बाजारात गेली असती तर अण्णा कुठल्या बाजूला आहेत हे मला कोण सांगणार होतं?

पाडव्याच्या आदल्या रात्री चाचांनी गाडी गोठ्यातून नेली आणि सकाळी, स्वतः धुतलेल्या कपड्यांत, पुसून लखलखीत करून परत आणली. काका बसले, किक मारली. गाडी अशी वाजली की गल्लीतले लोक वाहवा म्हणाले. एकही ठोका चुकत नव्हता. चाचांनी सगळं इंजिन उघडून साफ केलं होतं, नवा प्लग घातला होता, पदरचे पैसे घालून. अण्णांची गाडी चारचौघांत खोकत निघू नये म्हणून. एका मेकॅनिकला मित्रासाठी दुसरं काय करता येणार?

थोरली जागची हलली नाही. काका गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळून आले, हाका मारल्या, शिट्ट्या घातल्या. मोरपिसं बांधलेली थोरली शांतपणे रवंथ करत होती. तिचे कान कुठेच वळले नाहीत. मी चाचांकडे पाहिलं. काय झालं ते त्यांना कळलं होतं. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि तसेच उभे राहिले. "अण्णा सांगतच हुता की," एवढंच म्हणाले. मी आईचा हात ओढला, पण आईनंही मान खाली घातली होती.

तेवढ्यात माझी मैत्रीण थोरलीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिनं आधी आईकडे बघितलं, विचारल्यासारखं. मग ओठ फुगवले. तीन ठोके, एक खाडा. तीन ठोके, एक खाडा. थोरलीचे कान फिरले. मैत्रीण पाठ करून चालू लागली, मग पळू लागली, आणि घुंगरं वाजवत थोरली तिच्यामागून निघाली. गल्ली संपली, रस्ता आला, मोठमोठ्या गाड्या बाजूला झाल्या. हिरव्या फ्रॉकातली एक मुलगी तोंडानं गाडी चालवत पुढे आणि मागं आमची एवढी मोठी म्हैस. "नाद खुळा," कुणीतरी म्हणालं. काका गाडीवर बसूनच होते, त्यांनी किल्ली फिरवून ती बंद केली. मी थोरलीच्या बाजूनं पळत होते आणि जोरात अण्णांना सांगत होते की थोरली आपलीच आहे, आपलीच राहणार.

नंतर चाचांनी गाडीत ती खोट परत घालायचा फार प्रयत्न केला. जुना प्लग घातला, काय काय सैल केलं. गाडी कधी दोनाला चुकायची, कधी पाचाला, पण ते काही जमलं नाही. तो आवाज आता जगात एकाच ठिकाणी राहिला होता, माझ्या मैत्रिणीच्या तोंडात. वर्षभर ती रोज संध्याकाळी धारेला यायची. हळूहळू थोरलीला आईच्या हाताची सवय झाली. पुढे चाचांना कागलच्या एमआयडीसीत कायमची नोकरी लागली आणि त्यांचं बिऱ्हाड तिकडे गेलं. ती टेम्पोत सामानावर बसली होती. मी म्हटलं, एकदा काढ की. तिनं ओठ फुगवले, पण तिला हसू आलं की रडू, आवाज काही निघाला नाही.

थोरली म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात गेली. आता गोठ्याच्या जागी माझ्या आणि आईच्या दोन खोल्या आहेत आणि त्यांतल्या एकीत बसून मी मुलांच्या गोष्टी लिहिते. मैत्रीण कागललाच असते, एका कारखान्यात तपासणीचं काम करते. ईदला आणि दिवाळीला आम्ही एकमेकींना फुलांची चित्रं पाठवतो. इतक्या वर्षांत बोलण्यासारखं इतकं साठलं की बोलणंच राहून गेलं.

परवा संध्याकाळी मी तिला फोन लावला. "काय गं, सगळं बरं हाय न्हवं?" ती घाबरूनच बोलली. मी म्हटलं, सगळं बरं आहे, अण्णांच्या गाडीचा आवाज काढून दाखव. ती म्हणाली, "येडी काय तू? कंपनीच्या बसमधी हाय मी. पोरगी माजी कॉलेजला जाती आता." मी म्हटलं, मला तो आठवेना झालाय. तिला काय ते कळलं असावं. "उतरल्यावर करते," म्हणाली.

अर्ध्या तासानं फोन आला. मी तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि लिहून घ्यायला पेन उचललं. "हसायचं न्हाई," तिनं बजावलं. तिनं श्वास घेतला आणि सुरुवात केली. पहिले दोन-तीन वेळा हवाच निघाली. मग तीन ठोके पडले आणि एक खाडा. पुन्हा तीन, पुन्हा खाडा. मी काहीच लिहिलं नाही. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीवरून उठून उभी राहिले आहे आणि दाराकडे तोंड केलं आहे.

आत लायटर वाजला. गॅसवर भांडं ठेवल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. मग सगळं थांबलं. आई पदराला हात पुसत दारात आली. तिनं माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी खाली बघितलं.

"अवदसा व्हय ती?" आईनं विचारलं.

"व्हय, काकू," फोनमधून आवाज आला. तीही रडत होती.

"मग ये की गं," आई म्हणाली. "चहा ठेवलाय."

कागलवरून ती लगेच कशी येणार? पण आईनं गॅस बंद केला नाही. चहा झाल्यावर तिनं आम्हा दोघींचे कप भरले आणि मग फळीच्या मागून पितळी पेला काढून, धुऊन, तोही भरला. चहा निवेपर्यंत आम्ही त्याला हात लावला नाही. शेवटचं प्रकरण मी त्याच रात्री लिहिलं. त्यात वडील परत येत नाहीत. आवाज येतो, म्हैस उठून उभी राहते, आणि आई चहा ठेवते.